वासरांची हगवण तपासणारं किट: वर्षभर वापरल्यावर

हे किट मी पहिल्यांदा मागवलं ते रागाच्या भरात. लागोपाठ दोन वासरं गेली होती, दोन्ही चार दिवसांच्या आतली, आणि दोन्ही वेळा उपचार अंदाजानेच झाले होते. आमच्याकडे वर्षाला आठ-नऊ वासरं होतात. त्यातली दोन गेली की काय होतं ते गुरं पाळणाऱ्याला सांगायला नको.

डब्यात एक बाटली आणि पाच पट्ट्या येतात. बाटलीच्या झाकणाला आतून चमचा आहे. पट्ट्या रोटा, कोरोना (गुरांचा, आपला तो नव्हे), क्रिप्टो, क्लॉस्ट्रिडियम आणि ई. कोलाय के९९ यांच्या. चमचाभर शेण बाटलीतल्या द्रवात हलवायचं, पट्ट्या बुडवायच्या आणि दहा मिनिटं थांबायचं. वरची रेघ आली म्हणजे पट्टी चालतेय. खालची रेघ आली म्हणजे तो जंतू आहे. गरोदर आहे की नाही ते बघायची पट्टी असते ना, अगदी तसंच.

माझी पहिली पट्टी वाया गेली. मी शेण खालच्या पेंढ्यातून उचललं होतं, काड्या आत गेल्या, द्रव वर चढलाच नाही आणि वरचीसुद्धा रेघ आली नाही. आता हातमोजा घालून शेपूट उचलते आणि ताजं थेट चमच्यातच घेते. फिकी रेघ गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली दिसत नाही, त्यासाठी मोबाईलचा टॉर्च लागतोच.

किटने पैसे वसूल केले ते तिसऱ्या वेळी. दोन दिवसांची कालवड होती. संध्याकाळी दूध प्यायली आणि रात्री अकराला बघते तर पाण्यासारखं पिवळट हगतेय, डोळे आत गेलेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. के९९ची रेघ मिनिटभरातच उमटली, तीही गडद. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "आधी पाणी-मीठ-ग्लुकोज, बाकीचं सकाळी येऊन बघतो."

त्यांनी सकाळी जे समजावलं ते किटच्या पत्रकात असायला हवं होतं. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने राहतो. या जातीच्या अंगावर मात्र के९९ नावाचे बारीक केसासारखे धागे असतात. त्या धाग्यांनी तो नवजात वासराच्या आतड्याला चिकटतो. नुसता वाहत गेला असता तर काही बिघडलं नसतं, चिकटल्यामुळे घात होतो. चिकटून तो विष सोडतो, आणि विषामुळे आतड्याच्या पेशी अंगातले क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतत सुटतात. पेशी मरत नाहीत, नळ उघडा राहावा तसं होतं. म्हणूनच मीठ आणि ग्लुकोज बरोबर दिलं की चालतं, कारण त्या दोघांना एकत्र आतड्यातून परत अंगात ओढणारी वाट विषाने बंद होत नाही, आणि पाणी त्यांच्यामागून जातं. वासरू आठवड्याभराचं झालं की त्या धाग्यांना पकडायला आतड्यावर फारशी जागाच उरत नाही. म्हणून हा पहिल्या काही दिवसांचाच आजार. आपल्याला जुलाब करणाऱ्या त्याच्या भाऊबंदांचे धागे वेगळे असतात, के९९ माणसाच्या मागे सहसा लागत नाही.

कालवड दुपारी उभी राहिली. आता गाभण गायींना शेवटच्या महिन्यांत लस देतो, म्हणजे चिकातून वासराला संरक्षण मिळतं. तो चीकही पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा, कारण चोवीस तासांनंतर आतडं ती प्रतिद्रव्यं रक्तात जाऊच देत नाही.

आता तक्रार.

पावणेतीन आठवड्यांचा एक गोऱ्हा आजारी पडला. ताप, शेणात शेंबडासारखे धागे, थोडं रक्त, आणि वास असा की दारातच कळावं. पाचही पट्ट्या निगेटिव्ह. मी चक्क सुटकेचा श्वास सोडला. गोऱ्हा बाटली धरेना म्हणून माझा सात वर्षांचा मुलगा त्याला बोटं चोखायला देत होता, आणि मी "चला, जंतू तर नाही" म्हणून बघत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी मुलाला ताप आणि रक्ताचे जुलाब. त्याच्या शौचाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, साल्मोनेला हा जंतू निघाला. मग गोऱ्ह्याचं शेण प्रयोगशाळेत पाठवलं, तिथेही साल्मोनेला.

पट्टी खोटं बोलली नाही. तिला ज्या पाचांबद्दल विचारलं होतं त्यांच्याबद्दल ती खरंच बोलली. पण डब्यावर ठळक अक्षरात "हगवणीचं कारण दहा मिनिटांत" असं छापलंय, आणि साल्मोनेला यात नाही हे पत्रकाच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात. मला याचाच राग आहे.

साल्मोनेला नुसता चिकटून थांबत नाही. त्याच्याकडे सुईसारखं यंत्र असतं. त्यातून तो आपली प्रथिनं आतड्याच्या पेशीत टोचतो, आणि पेशी स्वतःच लाटेसारखी उसळून त्याला आत ओढून घेते. जंतू गिळायला येणाऱ्या पेशींच्या पोटातही तो जिवंत राहतो. म्हणून ताप, म्हणून रक्त. आणि त्याला गाय-माणूस हा भेद फारसा नाही.

याहून वाईट गोष्ट म्हणजे ई. कोलाय ओ१५७, आणि तोही या पट्टीत दिसत नाही. १९८२ साली तो पहिल्यांदा माणसांतल्या साथीत ओळखला गेला. गायीच्या गुदाशयाच्या टोकाशी तो आरामात राहतो, कारण त्याचं शिगा विष ज्या खुणेला धरतं ती खूण गायीच्या रक्तवाहिन्यांत नसते. गाय टुणटुणीत, दूध पूर्ण. आपल्या मूत्रपिंडात मात्र ती खूण असते, आणि लहान मुलांची मूत्रपिंडं त्यातूनच निकामी होतात. शंभरापेक्षा कमी जंतूही पुरतात म्हणे डॉक्टर. कासेवर वाळलेलं शेण आणि न उकळलेलं दूध, एवढं बस्स होतं. यात अँटिबायोटिक मनाने देऊ नये, जंतू मरताना आणखी विष सुटण्याची भीती असते.

म्हणजे माझ्या अनुभवात पॉझिटिव्ह रेघ आली तेव्हा घरच्यांना धोका कमी होता, आणि निगेटिव्ह आल्या तेव्हाच आजार घरात शिरला. मुलगा आठवड्याभरात बरा झाला, औषधापेक्षा पाण्यावरच. गोऱ्हाही वाचला, पण अंग धरायला त्याला दोन महिने लागले.

किट घ्यावं का? चार-सहा दिवसांची वासरं दगावत असतील तर जरूर घ्या. मध्यरात्री दहा मिनिटांत नेमकं उत्तर मिळतं, ते अंदाजाने दिलेल्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी बरं. दोन आठवड्यांच्या पुढचं वासरू तापाने फणफणलं असेल, शेणात रक्त असेल, तर पट्टी राहू द्या आणि शेण कल्चरला पाठवा. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर आजारी वासराची बाटली आणि बादली वेगळी, गमबूट दारात, आणि मुलं बाहेर.

पाचापैकी साडेतीन. अर्धा गुण त्या बारीक अक्षरांसाठी कापला, एक डब्यावरच्या फुशारकीसाठी. नवा डबा आला की मी आधी मार्करने झाकणावर "यात साल्मोनेला नाही, ओ१५७ नाही" असं लिहिते आणि मगच फ्रीजमध्ये ठेवते.