हायब्रिड की साधी पेट्रोल: पैसे खरंच वाचतात का?

हायब्रिड घेतल्याने इंधन वाचतं का, या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असंच येतं. पैसे वाचतात का, हे मात्र तुम्ही गाडी कुठे चालवता आणि किती चालवता यावर ठरतं. गाडी घ्यायला निघालेले बरेच जण पहिलं उत्तर ऐकतात आणि दुसरंही मिळालं असं धरून चालतात.

मी आधी बरीच वर्षं ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी वापरली. आता साधारण तेवढ्याच आकाराची हायब्रिड आहे, आणि रस्ते बहुतेक तेच आहेत. पुढे जे लिहितोय ते मुख्यतः या अनुभवावरून. हायब्रिड म्हणजे इथे स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली आणि थोडं अंतर नुसत्या मोटरवरही जाऊ शकणारी गाडी. माइल्ड हायब्रिड सहसा नुसत्या मोटरवर चालत नाही, तिथे मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते. त्यामुळे इंधनाच्या हिशेबात मी तिला साध्या पेट्रोलच्याच रांगेत बसवतो.

हिशेब पैशांऐवजी लिटरमध्ये केला तर चित्र लवकर स्पष्ट होतं. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतल्या फरकाला पेट्रोलच्या दराने भागा. समजा तो फरक २,००० लिटर पेट्रोलाएवढा आला. साधी गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि हायब्रिड २४, असं धरू. म्हणजे दर हजार किलोमीटरला सुमारे २१ लिटर वाचतात आणि फरक भरून यायला साधारण ९५ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा हा फरक चार वर्षांत वसूल होतो. पाचशे फिरणाऱ्याला सोळा वर्षं लागतील, आणि तोवर गाडी बहुधा त्याच्याकडे राहिलेली नसेल. कर्ज काढणार असाल तर वाढीव रकमेवरचं व्याजही यात मिळवा.

आणखी एक गोष्ट. ॲव्हरेजचे आकडे डोळ्यांना फसवतात. १६ वरून २४ ही उडी मोठी वाटते आणि १२ वरून १६ ही लहान. पण हजार किलोमीटरला दोन्हीकडे वाचणारं पेट्रोल सारखंच, सुमारे २१ लिटर. म्हणून आधीच काटकसरी असलेल्या छोट्या गाडीची हायब्रिड आवृत्ती घेण्यापेक्षा जड, जास्त पिणाऱ्या गाडीची हायब्रिड आवृत्ती घेणं पैशाच्या दृष्टीने सहसा जास्त शहाणपणाचं ठरतं.

आता हे पेट्रोल वाचतं कुठे ते पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी चौदाशे किलोची गाडी ब्रेक दाबून थांबवली की त्या वेगात साठलेली ऊर्जा साध्या गाडीत उष्णता होऊन जाते. इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के धरली तर पुन्हा तेवढा वेग घ्यायला सुमारे १४ मिलिलिटर पेट्रोल लागतं, म्हणजे चहाचे जेमतेम तीन चमचे. एका सिग्नलला तीन चमचे क्षुल्लक वाटतात, पण शंभर वेळा थांबलात की जवळपास दीड लिटर होतं. हायब्रिडमध्ये मोटर जनित्रासारखी चालून त्यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते. दुसरी बचत इंजिनातच आहे. बहुतेक हायब्रिड गाड्यांत ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. ते पेट्रोलातून जास्त काम काढतं, पण खालच्या वेगात जरा मंद असतं आणि ती उणीव मोटर भरून काढते. १९९७ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या पहिल्या टोयोटा प्रियसमध्येही हीच जोडी होती.

माझा निर्णय मात्र या कशावरूनही झाला नाही. तो झाला एसीवरून.

माझ्या पेट्रोल गाडीत स्टार्ट-स्टॉप होतं. सिग्नलला थांबलं की इंजिन बंद, ब्रेकवरून पाय उचलला की चालू. कागदावर ही सोय हायब्रिडच्या अर्ध्या वाटेवरची वाटते. पण त्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसरही बंद, आणि झोतातून थोड्याच वेळात कोमट हवा यायला लागते. ऐन उन्हाळ्यात, काचा बंद, पुढे गाड्यांची रांग, मागच्या सीटवर वयस्कर माणूस किंवा लहान मूल, आणि गाडी तुमच्या वतीने ठरवते की आता थंडावा नको. आत तापलं की ती स्वतःहून इंजिन पुन्हा सुरू करते, म्हणजे वाचवलेलं पेट्रोलही तिथेच जातं. रांग दोन-दोन मीटर सरकत असेल तर आणखी वैताग. पाय जरा सैल केला की हिसका, थांबलो की शांतता, पुन्हा हिसका. शेवटी मी गाडी सुरू केली की आधी ते बटण दाबून स्टार्ट-स्टॉप बंद करायचो. बऱ्याच गाड्यांत ते प्रत्येक वेळी नव्याने बंद करावं लागतं. आणि बंद केलं की उभं इंजिन एसीसकट तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल जाळत राहतं. गर्दीत माझं ॲव्हरेज का कोसळतं याचं उत्तर तिथे होतं. गारवा हवा असेल तर पेट्रोल जाळा आणि पेट्रोल वाचवायचं असेल तर घामाघूम व्हा, ही निवड मला रोज दोनदा करायची नव्हती.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद असतानाही हवा तशीच गार राहते आणि गाडी आवाज न करता सरकते. बॅटरी लहान असते, साधारण एक-दीड युनिटची, त्यामुळे फार वेळ उभं राहिलं तर मधूनमधून इंजिन सुरू होतं, थोडं चार्ज करून पुन्हा बंद होतं. पण ती उठाठेव प्रवाशाला जाणवत नाही. गर्दीतून घरी पोचल्यावर मी पूर्वीइतका चिडलेला नसतो. हा फायदा लिटरमध्ये बसत नाही, तरी माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा आहे.

तुमचा बराचसा प्रवास हायवेवर होत असेल तर माझं बोलणं थोडं बाजूला ठेवा. एकसारख्या वेगात ब्रेक लागतच नाही, त्यामुळे परत मिळवायला ऊर्जाच नसते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो दोन्ही गाड्यांना सारखाच नडतो. माझी हायब्रिड लांबच्या रस्त्यावरही पेट्रोलपेक्षा बरी निघते, पण शहरातली तफावत तिथे दिसत नाही. लांब चढावर बॅटरी उतरली की इंजिन वरच्या पट्टीत ओरडतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही. गिअर बदलत चालवण्याची ज्याला हौस आहे त्याला हे आवडणार नाही. अशा माणसाने चांगली पेट्रोल मॅन्युअल घेतली तर मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर तिथेही हायब्रिड फारशी चमकत नाही, कारण थंड इंजिन आणि धुरातले घातक वायू कमी करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला ती सुरुवातीलाच इंजिन चालवते.

बॅटरीची भीती सगळ्यांना असते. बऱ्याच कंपन्या तिला आठ वर्षांची वॉरंटी देतात, आणि ही बॅटरी पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नसल्याने ती टिकतेही बरी. ब्रेक पॅडही कमी झिजतात, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते. काळजी घ्यायची ती दोन किरकोळ गोष्टींची. अनेक गाड्यांत बॅटरी गार ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते, तिथे सामान दाबून ठेवू नका आणि सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या. आणि गाडी कित्येक आठवडे उभी राहणार असेल तर साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरते, मोठी भरलेली असली तरी.

प्लग-इन हायब्रिडबद्दल, म्हणजे मोठी बॅटरी बाहेरून चार्ज करता येते अशा गाडीबद्दल, थोडक्यात. घरी रोज न चुकता चार्ज करणार असाल तरच तिचा विचार करा. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची नोंदवलेली माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हीच तफावत वीस टक्क्यांच्या आसपास होती. कारण सरळ आहे, लोक चाचणीत धरलं जातं तितक्या वेळा चार्ज करत नाहीत.

तुमचं धावणं महिन्याला हजाराच्या वर आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गर्दीत असेल, तर मी हायब्रिडकडेच बोट दाखवीन. त्याहून कमी असेल तर पैशाचं गणित काठावर येतं, आणि मग फरक परवडतो का एवढंच पाहायचं. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमवाले नेतात त्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. भर दुपारी, एसी लावून, तुमच्या रोजच्या गर्दीच्या रस्त्याने दोन्ही गाड्या लागोपाठ चालवा आणि मागे घरातलं कुणीतरी बसवा. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विसंबू नका, ते अनेकदा जरा उदार असतं. ओळखीतल्या कुणाकडे तीच गाडी असेल तर त्याला दोन वेळा टाकी फुल करून मधले लिटर आणि किलोमीटर मोजायला सांगा, आणि वरच्या हिशेबात तोच आकडा घाला.