लांब टेबलाची मधली पट्टी : फुलं, पितळ की फळं?

आठ माणसांचं केळवण घरच्या टेबलावर करायचं ठरलं असेल, तर फुलं आणायला जाण्याआधी मोजपट्टी काढा. आमचं टेबल साडेसात फूट लांब आणि तीन फूट, म्हणजे ३६ इंच रुंद आहे. समोरासमोरची दोन ताटं १३-१३ इंचांची. काठापासून इंचभर आत सरकवली की मध्ये उरतात फक्त ८ इंच. जी काय सजावट करायची ती या पट्टीत. ताटांभोवती महिरपी मांडल्या तर तीही जवळजवळ संपते.

दुसरा प्रश्न वाढण्याचा. ताटं वाढून आणि नंतर फिरून आग्रह करून वाढणार असाल, तर मधली पट्टी पूर्ण तुमची. पातेली, डाव, पोळ्यांचा डबा सगळं टेबलावर ठेवून "आपापलं घ्या" म्हणणार असाल, तर सजावटीला तुटक तुटक जागाच मिळणार. माझ्या मते निवड इथेच निम्मी होते, रंगसंगती नंतर बघायची.

फुलांचा पट्टा. वाढून जेवायला घालणार असाल तर माझी पहिली पसंती हीच. एकच मोठा गुच्छ मधोमध ठेवला तर तो मधल्या चौघांपुरता असतो, टोकाला बसलेल्यांच्या वाट्याला नुसतं लाकूड येतं. पट्टा सगळ्यांपुढून जातो. केळीच्या पानाची चार-पाच इंच रुंद पट्टी कापायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि तिच्यावर देठ खुडलेली झेंडूची फुलं दोन रांगांत खेटून लावायची. पाच फुटांना साठ-सत्तर फुलं लागतात, पाऊण किलोत भागतं. झेंडू पाण्याशिवाय दिवसभर तग धरतो. शेवंतीही धरते, आणि तिचा वास सौम्य असतो. पावसाळ्यात मात्र झेंडू घेताना एखादं फूल फोडून बघा. भिजलेलं फूल वरून छान दिसतं आणि आत काळं पडलेलं असतं. ओल्या झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या टेबलक्लॉथवरून सहज जात नाही, म्हणून खाली पान हवंच.

गेल्या वर्षी भाचीच्या केळवणाला मी हौसेने निशिगंध लावला होता. जेवणं रात्रीची. संध्याकाळ झाली तसा त्याचा वास चढत गेला, आणि ताटात गरम मसालेभात, वर साजूक तूप, ओलं खोबरं पडलं तरी नाकाशी गुलछडीच. शेवटी दोन्ही गुच्छ उचलून बाहेरच्या खोलीत नेले आणि मगच भाताचा वास आला. तेव्हापासून निशिगंध, मोगरा दारातल्या घंगाळात ठेवते. जेवणाच्या टेबलावर अन्नाच्या वासाला धक्का लागता कामा नये, याबाबत मी हट्टी आहे.

पितळी भांडी. मध्ये पातेली ठेवायची असतील तर ही बरी, कारण ती सुटी असतात. तीन तांबे दीड-दोन फुटांवर ठेवले की मधल्या जागांत भाजी, आमटी, भात बसतात. महिरपी असल्या तरी दोन महिरपींमधल्या खाचेत तांब्या मावतो. पाण्यावर फुलं तरंगत ठेवलेली परात सुंदर दिसते, पण १२ इंचांची परात ८ इंचांच्या पट्टीत जाणार कशी? ती टेबल साडेतीन-चार फूट रुंद असेल तरच. नाहीतर पितळी वाडगी घ्या, आणि पाण्यात पाकळ्या न टाकता अख्खी फुलं सोडा. पाकळ्या एका बाजूला गोळा होतात.

तांब्यात फुलं लावताना उंची बघायची सोपी रीत आहे. खुर्चीत बसा, कोपर टेबलावर टेकवा, हात उभा धरा. फुलं मनगटाच्या वर जाता कामा नयेत. नाहीतर व्याही-विहिणी फांद्यांच्या आडून बोलत बसतात.

पितळेला कष्ट आहेत, ते लपवत नाही. चिंच-मीठ लावून घासलं की लगेच धुऊन कोरडं पुसावं लागतं, नाहीतर ठिपके उठतात. तळाशी कापडाची चकती ठेवा म्हणजे पॉलिशवर ओरखडे पडत नाहीत. पण एकदा घासलं की दोन-तीन केळवणं निघतात, फुलांचा खर्च मात्र दर खेपेला.

फळं आणि शेतातलं. थंडीत ही सजावट सगळ्यात स्वस्त आणि मला वाटतं सगळ्यात आपली. पेरू, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी मातीच्या छोट्या बोळक्यांत भरून ओळीने मांडायची. आदल्या दिवशी मांडली तरी चालते, आणि जेवणानंतर मुलं ती खाऊन टाकतात. बोळक्यांत पाणी तेवढं घालू नका, माती पाझरते आणि लाकडावर गोल डाग उमटतो. सीताफळं पिकलेली घेऊ नका, खालून फुटतात.

दिवे टेबलावर नकोतच. वर पंखा चालू असतो, आणि वाढणारीचा पदर वाकताना नेमका मधल्या पट्टीवरून जातो. समई कोपऱ्यात चौरंगावर लावावी. प्लास्टिकच्या फुलांबद्दल एवढंच, की हातभर अंतरावरून त्यांच्यावरची धूळ दिसते.

पुढच्या महिन्यात पुतण्याचं केळवण आहे, दुपारचं, पंगतीसारखं वाढून. महिरपी ठेवणार नाही. केळीचं पान, पिवळी शेवंती, आणि दोन्ही टोकांना एकेक तांब्या. नवरदेवाच्या ताटाभोवती तेवढी रांगोळी, तीही पंखा बंद करून काढलेली.