क्वेस्ट ३: हेडसेट उतरवल्यानंतर काय होतं?

मेटा क्वेस्ट ३ या डोळ्यांवर बांधायच्या आभासी वास्तवाच्या (व्हीआर) हेडसेटविषयी लिहिताना बहुतेक जण चित्राच्या दर्जावर थांबतात. आमचा प्रश्न पुढचा आहे: हेडसेट उतरवल्यावर डोळे, डोकं आणि तोल लवकर ताळ्यावर येतात का? डोळ्यांपुरतं उत्तर समाधानकारक आहे. मळमळीच्या बाबतीत मात्र यंत्रापेक्षा सेटिंग आणि गेमची निवड जास्त महत्त्वाची.

आधीच्या क्वेस्ट २ मधल्या फ्रेनेल भिंगांत (गोल खाचांच्या चपट्या भिंगांत) नजर कडेला गेली की चित्र पुसट व्हायचं, आणि भिंगांमधलं अंतर ५८, ६३, ६८ मिमी अशा तीनच टप्प्यांत बदलता यायचं. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगं (प्रकाश आतल्या आत परावर्तित करणारी पातळ भिंगं) आहेत आणि खालचं चाक फिरवून ५८ ते ७१ मिमीपर्यंत हवं ते अंतर ठेवता येतं. मात्र आपल्या बाहुल्यांमधलं अंतर आपल्यालाच माहीत हवं; हेडसेट ते मोजत नाही. चष्मा करतात तिथे मोजून मिळतं. अंतर चुकलं तर डोळ्यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि नंतर कपाळ, कानशिलं ठणकतात.

भिंगं कितीही चांगली असली तरी एक अडचण उरतेच. आभासी वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण फोकस मात्र ठरलेल्या एकाच अंतरावर राहतो. म्हणून आभासी पडद्याची खिडकी तोंडाजवळ ओढून वाचत बसू नये. ती दीड-दोन मीटर मागे ढकलून मोठी करावी. नाहीतर उतरवल्यावर काही वेळ नजर धूसर राहते.

मळमळ होते ती डोळ्यांना हालचाल दिसते आणि आतल्या कानाला ती जाणवत नाही म्हणून. गेममध्ये सरकत चालण्याऐवजी टेलिपोर्ट (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी), सलग वळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळणं, आणि हालचालीच्या वेळी कडा काळ्या करणारा पर्याय चालू ठेवावा. सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरेत. घाम, जांभया, तोंडाला पाणी सुटणं यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी थांबावं. ‘सवय होईल’ म्हणून रेटणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे: त्रास काही तास रेंगाळू शकतो. सवय होते ती वेगवेगळ्या दिवशी थोडं थोडं खेळून.

पासथ्रूकडे, म्हणजे हेडसेट घालूनच आजूबाजूची खरी खोली पाहण्याच्या सोयीकडे, फारसं कुणी लक्ष देत नाही. त्यात खोली दिसते ती कॅमेऱ्यांतून, आणि कॅमेरे डोळ्यांच्या नेमक्या जागी नसतात. जवळच्या वस्तू किंचित वाकड्या दिसतात, मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि उतरवल्यावर हाताचा अंदाज थोडा चुकतो. तो पूर्ववत होईपर्यंत सुरी, उकळतं भांडं, जिना आणि अर्थातच गाडी, सगळ्यापासून लांब राहावं.

वजन ५१५ ग्रॅम. सोबतचा कापडी पट्टा सैल असला की सगळा भार गालांवर येतो. मागचा भाग कवटीच्या फुगवट्याखाली बसवून वरचा पट्टा आधी ओढावा, बाजूचे नंतर. मागे बॅटरी असलेला पट्टा एकूण वजन वाढवतो, तरीही पुढचा भार तोलला गेल्याने मानेला तोच बरा.

स्वस्तातला क्वेस्ट ३एस घेणार असाल तर आधी बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या. त्यात पुन्हा फ्रेनेल भिंगं आणि तेच तीन टप्पे आहेत. तुमचा आकडा ६३ च्या आसपास असेल तर तो चालेल. ६५-६६ असेल किंवा ७० च्या पुढे असेल, तर क्वेस्ट ३ च घ्यावा.