जुने स्टर्लिंग कफलिंक आणि ब्रोच: बर्मिंगहॅम की तास्को?

दोन्हीकडची चांदी बहुधा 925 ची, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध (हीच स्टर्लिंग), पण माहिती मिळते ती वेगळ्या रीतीने. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जुन्या नगावर दहापट भिंगातून चार ठसे पाहावेत: चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहर, वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. अक्षर एकटे वाचू नये. तीच वर्णमाला पुन्हा येते, त्यामुळे टंक आणि भोवतीची चौकट वर्षाक्षरांच्या तक्त्याशी जुळवावी. 1975 पूर्वी अक्षर वर्षाच्या मध्येच बदले, म्हणून ते दोन सनांना लागू पडते. घासून सिंह पुसट झाला असेल तर किंमत पाडून मागा.

मेक्सिकोतल्या तास्कोच्या नगावर असे नेमके साल मिळत नाही. तास्कोत चांदीकामाला चालना देणारा अमेरिकी रचनाकार विल्यम स्प्रॅटलिंग याच्या काळातले काही नग 980 चेही आहेत. गरुडाचा सरकारी ठसा साधारण 1948 ते 1979 मधला. त्यानंतर अक्षरे आणि आकडा असलेली नोंदणी आली. इथे खरी किंमत कारागिराच्या नावाला आणि घडणीला असते, नुसत्या ‘मेक्सिको 925’ ला नव्हे.

तास्कोच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम दिलेला असतो. तो चांदी उजळायच्या द्रावणात बुडवला की गेलाच. मऊ कापडाने फक्त उंचवटे पुसावेत.

सुरुवात करणाऱ्याने बर्मिंगहॅम घ्यावे. मात्र कफलिंकचे दोन्ही नग तपासा, जोड्या बऱ्याचदा वेगवेगळ्या नगांतून जुळवलेल्या असतात.