पश्चिमेच्या बाल्कनीला ५० टक्क्यांची शेडनेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जाळी हिरवी, ५० टक्क्यांची, यूव्ही प्रक्रिया केलेली, म्हणजे उन्हाने लवकर न विरणारी. जागा पुण्यातली, पश्चिमेची बाल्कनी, दहा फूट लांब आणि पाच फूट खोल. फेब्रुवारीच्या शेवटी बांधली, आता ऑक्टोबर संपतोय. जाळी नक्की घ्यावी, पण टक्का किंवा बांधायची पद्धत चुकली तर झाडं भाजतात तरी, नाहीतर उजेडावाचून उपाशी राहतात.

आधी टक्क्याचं. ५० टक्के म्हणजे साधारण निम्मं ऊन अडतं. उन्हाळ्यात भर दुपारच्या उघड्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, तो जाळीमागे पन्नासएक हजारांवर येतो. क्रोटन, अरेका पाम, रबर प्लांट यांना एवढं सोसतं. पीस लिली, कॅलेथिया, अ‍ॅग्लोनिमा आणि फर्न यांना मात्र हेसुद्धा जास्त होतं, म्हणून त्यांच्या कुंड्या मागच्या रांगेत, मोठ्या झाडांच्या सावलीत. सगळ्यांसाठी सरसकट ७५ किंवा ९० टक्क्यांची जाळी घेणं चूक आहे. तिच्यामागे क्रोटनचे रंग उतरतात, मनी प्लांटच्या दोन पानांमधलं अंतर वाढून वेल नुसती लांबत जाते. जास्वंद, मोगरा, गुलाब, तुळस यांच्यापुढे जाळी नकोच.

पश्चिमेला खरा त्रास दुपारी दोन ते साडेचार. बारा-एकला वरचा स्लॅब ऊन अडवतो. मे महिन्यात तीनच्या सुमारास तिरपं ऊन पाच फूट आत पोचतं, साडेचारला थेट खोलीत शिरतं. सहानंतरचं ऊन दिसायला झगझगीत, पण त्यात फारसा जोर नसतो.

जाळी ग्रिलच्या बाहेरून बांधावी, पानांपासून किमान एक फूट लांब. पान जाळीला टेकलं तर तेवढंच करपतं. खालून फूटभर मोकळं ठेवावं, नाहीतर गरम हवा आत कोंडते. लांबी मोजताना बाल्कनीच्या मापावर थांबू नये. एप्रिल ते ऑगस्ट सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे बाहेर तोंड करून उभं राहिलं तर उजव्या कडेतून उन्हाची तिरीप आत येते. ऑक्टोबरात तीच डाव्या कडेने येते. दोन्हीकडे दीड-दीड फूट जाळी वळवून घेतली की प्रश्न मिटतो. म्हणजे दहा फुटांसाठी तेरा फूट जाळी.

कडेला एकेरी जाळीवर ठोकलेले आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्या, वळवाच्या वाऱ्यात जाळी फाडून निघतात. कड दोनदा दुमडून, त्यातून नायलॉनची दोरी ओवून, दर दीड फुटावर ग्रिलला बांधावी. खालच्या गाठी सुरगाठी असाव्यात, म्हणजे वादळ आलं की एका ओढीत सुटतात आणि जाळी शिडासारखी फुगत नाही. पांढरे प्लॅस्टिकचे टाय वापरू नयेत. इथे लावलेले मे महिन्यातच कडकडीत होऊन तुटले. सुतळी पावसात कुजते.

भाजलेलं पान ओळखायला शिकणं महत्त्वाचं, कारण लोक पाणी वाढवून झाड मारतात. उन्हाने भाजलेल्या अ‍ॅग्लोनिमाच्या पानावर आधी पांढुरका, मग कागदासारखा कोरडा तपकिरी डाग पडतो, तोही उन्हाकडच्या बाजूलाच. वरच्या पानाची सावली जिथे पडत होती तिथला भाग हिरवागार राहतो, जणू सावलीचा ठसाच. नुसती टोकं तपकिरी झाली असतील तर कारण बहुधा कोरडी हवा, अनियमित पाणी किंवा खताचे साठलेले क्षार. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सावरत असेल तर पाणी घालायची घाई नको. बोट दोन इंच मातीत घालून ओल बघावी. भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही, पण अर्ध्याहून जास्त पान चांगलं असेल तर कापू नये, ते अजून झाडाला अन्न पुरवत असतं.

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या जाळीमागेही तापतात आणि कडेची मुळं शिजतात. अशी कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधे इंचभर पोकळी सोडावी.

पावसाळ्यात जाळी ठेवायची नाही. ढगांमुळे उजेड आधीच कमी, त्यात जाळी आली की पानं ओली राहून बुरशीचे काळे डाग पडतात. जूनच्या मध्याला, ढगाळ दिवस बघून काढावी. सप्टेंबर संपायच्या आत पुन्हा बांधावी, इथे दिरंगाई महागात पडते. पावसाळी उजेडात फुटलेली पानं कोवळी असतात, ऑक्टोबरचं ऊन त्यांना मेच्या उन्हापेक्षा लवकर भाजतं.

उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून असतो, त्यामुळे वर्षभर सावलीत वाढलेल्या कॅलेथियावर थेट ऊन येतं. तिथे कायमची जाळी लागत नाही, ढग येईपर्यंत कुंड्या दोन फूट आत ओढल्या तरी भागतं.

आठ महिन्यांनी जाळीचा रंग थोडा उतरलाय, वीण घट्ट आहे. रस्त्याची धूळ मात्र फार धरते आणि धुळीने उजेड आणखी अडतो. मार्च ते मे दर तीन आठवड्यांनी बाहेरून पाण्याचा फवारा मारावा, तोही सकाळी, कुंड्या मागे सरकवून.