चार तासांचा विसावा आणि आठ प्रश्नांचा अर्ज

अर्धांगवायूनंतर दोन वर्षे सासूबाईंचे सगळे अंथरुणातच करावे लागते आणि करणारी मी एकटीच असल्यामुळे, जुळे सोलापुरातील आमच्या घरी एका ब्युरोमार्फत आठवड्यातून तीन दुपारी, चार-चार तासांसाठी मदतनीस मावशी येऊ लागल्या. सेवा चांगली आहे, हे आधीच सांगते. मावशी दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलून देतात, दुधात कुस्करलेल्या भाकरीचा एक घास गिळला गेल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा भरवत नाहीत आणि अक्कलकोटकडच्या सासूबाईंशी कन्नडमधून बोलतात, जे मला इतक्या वर्षांत साधलेले नाही. त्यांच्या भरवशावर यंदा मी सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा पाहून आले.

माझी तक्रार आहे ती महिनाअखेरीच्या समाधान-अर्जाबद्दल. त्यातील आठही प्रश्न मावशींविषयी आहेत: वेळेवर आल्या का, स्वच्छता राखली का, बोलणे नम्र होते का. शिवाय भरलेला अर्ज त्यांच्याच हाती द्यायचा असतो. मग पाचपैकी तीन गुण द्यायला हात कसा धजेल? मी दरमहा पाचच देते. मात्र मला विसावा मिळाला का, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते नेमके मावशींच्या वेळेत आले की माझे चारही तास पिंपे भरण्यात जातात. अर्जात मात्र ते चार तास ‘सेवा पूर्ण’ म्हणूनच लागतात.

सेवेबद्दलचे समाधान आणि काळजी घेणाऱ्याच्या मनावरचे ओझे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजण्याची साधनेही आहेत. संशोधक झरिट यांच्या प्रचलित प्रश्नावलीत 22 प्रश्न असून प्रत्येकाला 0 ते 4, म्हणजे जास्तीत जास्त 88 गुण असतात. गुण जितके जास्त, तितका भार जास्त. ती सेवा सुरू होण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी भरून घेतली, तर ब्युरोला खरे काय ते कळेल. एवढे जमत नसेल, तर ‘या चार तासांत तुम्ही झोपलात का, घराबाहेर पडलात का’ एवढे तरी फोनवरून, मावशी घरी नसताना विचारावे.

सेवा जरूर घ्यावी. फक्त बदली मावशी येणार असल्यास आदल्या दिवशी कळवण्याची अट आधीच घालून घ्यावी, कारण नव्या व्यक्तीला औषधांच्या वेळा समजावण्यातच पहिला तास संपतो.