तांब्याची म्हणून दिली, निघाली ॲल्युमिनियमची : वायर घेताना फसलो

घर नाहीतर विहिरीचं काम काढलेल्यांनी हे वाचा, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं गाव कडोलीच्या बाजूला. मागच्या उन्हाळ्यात परसातल्या विहिरीवर दीड एचपीची सिंगल फेज मोटर बसवली. घरातल्या बोर्डापासून विहीर ९० मीटरला थोडी कमी, आणि वायरीची कॉइल ९० मीटरची, म्हणजे फेजला एक आणि न्यूट्रलला एक अशा अडीच एमएमच्या (म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) दोन कॉइल पाहिजेत. बेळगावला बाजारात दोन-तीन दुकानं फिरलो, सगळे कॉइलला तीन हजाराच्या वर सांगत होते आणि एकानं अठराशे सांगितले. "शुद्ध तांबं हाय हो मामा, कंपनी नवीन हाय म्हणून स्वस्त, पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर पडतील बघा." त्यानं टोक सोलून दाखवलं, आत लालभडक तार, पाकिटावर आयएसआयचा शिक्का पण छापलेला. घेतल्या दोन्ही, कच्च्या चिठ्ठीवर.

पहिल्या दिवसापासून पाण्याला जोर नाही. संध्याकाळी तर मोटर नुसती घूं करून थांबायची, उचलायचीच नाही. जो येईल तो म्हणायचा लाईनलाच व्होल्टेज कमी आहे, आणि आम्हालाही ते खरं वाटायचं कारण आमच्याकडं संध्याकाळी लाईट मंद होतातच. आधी मोटर उचलायला लागतो तो कपॅसिटर गेला, मग वायंडिंग म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी जळली, ती भरून आणायला २८०० रुपये गेले, भरून आणल्यावरही तीच रड. भिंतीला खिळ्यावर उरलेली वायर गुंडाळून ठेवली होती, एक दिवस मंडळींचा हात लागला तर ती गरम! त्या दिवशी मात्र मी घाबरलो, कारण तिथंच खाली गवताच्या पेंढ्या असतात.

भाचा आयटीआय करून वायरमनचं काम करतो, त्याला बोलावलं. त्यानं मोटर सोडवली आणि विहिरीच्या टोकाला पाणी तापवायचा १५०० वॉटचा हीटर बादलीत लावला. मोटरच का नाही विचारलं तर म्हणाला, मामा, मोटरमध्ये पॉवर फॅक्टर येतो, तिथं नुसते व्होल्ट गुणिले अँपिअर केले तर वॉट बरोबर येत नाहीत, हीटरचा हिशेब सरळ असतो. हीटर चालू ठेवूनच त्यानं क्लॅम्प मीटरनं करंट बघितला, ६ अँपिअर. बोर्डावर २२६ व्होल्ट, विहिरीपाशी २०८. म्हणजे १८ व्होल्ट मध्येच कुठंतरी गायब, आणि मध्ये वायरीशिवाय दुसरं काहीच नाही.

मग वहीवर मांडलं. व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, १८ भागिले ६, वायरीचा रेझिस्टन्स ३ ओहम. आम्ही मराठी शाळेत ह्यालाच विद्युतरोध म्हणून शिकलो होतो, पण परीक्षेच्या बाहेर कधी वापरला नव्हता. आता अडीच एमएमच्या तांब्याला किलोमीटरला ७.४१ ओहम धरतात, आमची जाऊन-येऊन १८० मीटर, म्हणजे १.३३ ओहम यायला पाहिजेत. आले दुपटीच्याही वर. आणि व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॉट, १८ गुणिले ६ म्हणजे १०८ वॉट वायरच खात होती, हीटरला मिळत होते २०८ गुणिले ६, म्हणजे १२४८. आमची मोटर ९ अँपिअर ओढते, आणि करंट वाढला की उष्णता वर्गानं वाढते, ९ गुणिले ९ गुणिले ३, २४३ वॉट! तेवढी उष्णता मोकळ्या पसरलेल्या वायरीतून निघून जाते पण गुंडाळीत साठते, म्हणून तो खिळ्यावरचा भाग तापत होता. आणि मोटर उचलताना करंट चालू करंटच्या कितीतरी पट जातो, तेव्हा नेमकं व्होल्टेज वायरीतच पडायचं, म्हणून ती घूं करून थांबायची.

साध्या मल्टिमीटरवर ओहम लावून बघितलं तर एवढ्या कमी आकड्यात त्याच्या पिनांचाच रेझिस्टन्स मिसळतो, फरक नीट कळत नाही, म्हणून वायरीतून करंट जाऊ देऊन मोजायचं असं तो म्हणाला. पण २३० व्होल्टचं काम आहे, हे स्वतः करायला जाऊ नका, वायरमनकडूनच करून घ्या.

शेवटी त्यानं ब्लेडनं तार खरवडली. वरचा लाल थर गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. जाडी पण कमी, अडीचच्या नावाखाली पावणेदोनच्या आसपास. हे दुकानातच कळलं असतं हो! ९० मीटर अडीच एमएममध्ये नुसतं तांबंच दोन किलो भरतं, आणि आमची कॉइल मी हातात उचलून "हलकी आहे" म्हणालो होतो तर दुकानदार म्हणाला नवीन प्लास्टिक हाय. काट्यावर ठेवायला सांगा, ब्लेड मागून तार खरवडा. आणि आयएसआयच्या शिक्क्याजवळ आयएस ६९४ (वायरीच्या मानकाचा नंबर) आणि सीएम/एल म्हणजे कंपनीच्या लायसन्सचा नंबर असतो, तो लायसन्सचा नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. आमच्या पाकिटावर तो नंबरच नव्हता.

दुकानात गेलो तर ओळखच दाखवली नाही, "ही आमची वायर न्हवं, बिल दाखवा." १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, त्यांनीही पहिलं बिलच विचारलं. ३६०० वायरीचे, २८०० वायंडिंगचे, कपॅसिटर वेगळा.

दुसरीकडून पक्क्या बिलावर, वजन करून नवीन वायर आणली. भाच्यानं परत तोच हीटर लावला, ह्या वेळी मध्ये ८ व्होल्टच पडले. जुनी वायर गल्लीतल्या पोरांनी गणपतीच्या मांडवातल्या लायटिंगला मागितली होती, मी दिली नाही, पक्कड घेऊन बसलो आणि हातभर लांबीचे तुकडे केले.